जर्मनीत घेतलेली वस्तू बिघडली किंवा नकोशी झाली, तर काय करायचं?

डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी आमचं वॉशिंग मशीन पाणी सोडेना. काचेच्या दारामागे मुलाचे लोकरीचे कपडे साबणाच्या पाण्यात तरंगत होते आणि दार उघडायची सोय नव्हती. मशीन मार्चमध्ये घेतलेलं. सोमवारी दुकानात गेले आणि जमेल तशा जर्मनमध्ये विचारलं, "याची गारांटी आहे ना?" काउंटरवरच्या मुलाने अगदी अदबीने कंपनीचा हेल्पलाइन नंबर कागदावर लिहून दिला. पुढचे तीन आठवडे मी तो नंबर फिरवत राहिले आणि कपडे हाताने धूत राहिले.

शेवटी शेजारच्या निवृत्त बाईंनी डोळे उघडले. म्हणाल्या, "तुम्ही गारांटी म्हणालात, म्हणून त्यांनी तुम्हाला कंपनीकडे धाडलं. गेवेअरलाइस्टुंग म्हणा. मग दुकानालाच बघावं लागेल." दुसऱ्या दिवशी तो एक शब्द घालून पत्र दिलं आणि चार दिवसांत दुकानाचा माणूस दारात उभा राहिला.

आपल्याकडे दुकानदार वॉरंटी कार्डावर शिक्का मारून देतो आणि वस्तू बिघडली की आपण सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वाट धरतो. हीच सवय घेऊन आपण इथे येतो आणि इथेच फसतो. जर्मन कायद्याने ग्राहकाला बरंच दिलं आहे, पण योग्य माणसाकडे योग्य शब्दाने मागावं लागतं. म्हणून नव्याने आलेल्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी : आपलं प्रकरण कुठलं, ते ठरवा

तक्रार करण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. वस्तू बिघडलेली आहे, की ती चांगली आहे पण आता नको आहे? आणि घेतली कुठे : दुकानात जाऊन, ऑनलाइन, की कुणा खासगी माणसाकडून?

वस्तू चांगली आहे, दुकानात जाऊन घेतली आहे, आणि घरी आल्यावर रंग आवडला नाही. इथे तुम्हाला कायद्याने काहीही हक्क नाही. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, कारण बहुतेक मोठी दुकानं दोन-चार आठवड्यांत वस्तू बदलून देतात. पण ते देतात स्वखुशीने. त्याला उमटाउश म्हणतात, आणि अशा स्वखुशीच्या सवलतीला कुलांत्स. अटी दुकान ठरवतं : पावती हवी, लेबल हवं, पैशांऐवजी कूपन मिळेल वगैरे. म्हणून दुकानात महागाची वस्तू घेताना पैसे देण्याआधीच विचारा की परत घेता का, किती दिवसांत, आणि रोख देता की कूपन. पावतीच्या मागच्या बाजूला बहुधा लिहिलेलं असतं.

पाटी मात्र नीट वाचा. सेलच्या मालावर "उमटाउश नाही" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की चांगला माल परत घेणार नाही. माल सदोष निघाला तर ती पाटी निरुपयोगी आहे. सेलमधल्या बुटाचा तळ महिन्याभरात सुटला, तर दुकानाची जबाबदारी पूर्ण किमतीच्या बुटाइतकीच असते.

ऑनलाइन घेतलं असेल तर : वीडररूफ

घरबसल्या घेतलेली वस्तू आपण हातात धरून पाहिलेली नसते, म्हणून कायदा तिथे करार मागे घ्यायला 14 दिवसांची मुभा देतो. हाच वीडररूफ. जर्मन नागरी संहितेत, म्हणजे बे-गे-बे मध्ये, कलम 312 ग आणि 355 मध्ये तो आहे. कारण सांगायची गरज नाही. वस्तू हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. एकाच ऑर्डरमधल्या वस्तू वेगवेगळ्या दिवशी आल्या, तर शेवटची आली तिथून. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा असला तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जाते. आणि विक्रेत्याने या हक्काची माहिती तुम्हाला दिलीच नसेल, तर 14 दिवसांवर आणखी 12 महिने मिळतात.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे चुकतात ते. नुसतं पार्सल परत पाठवणं म्हणजे वीडररूफ नव्हे. "मी हा करार मागे घेत आहे" असं स्पष्ट सांगावं लागतं. ईमेल पुरतो, विक्रेत्याचा परतीचा फॉर्म असेल तर तोही चालतो. फोनवर सांगितलेलंही कायद्याला चालतं, पण उद्या पुरावा कुठून आणणार? पार्सल घेण्यास नुसता नकार देऊ नका. ईमेल पाठवा आणि स्वतःलाही एक प्रत ठेवा. मुदतीच्या आत तुम्ही ईमेल पाठवला एवढं पुरेसं आहे, त्यांनी तो कधी वाचला हा तुमचा प्रश्न नाही.

ईमेलनंतर वस्तू पाठवायला तुम्हाला 14 दिवस असतात. विक्रेत्यालाही पैसे परत करायला, तुमचा वीडररूफ पोचल्यापासून 14 दिवस. फक्त वस्तू पोचेपर्यंत किंवा पाठवल्याचा पुरावा तुम्ही दाखवेपर्यंत त्याला पैसे थांबवता येतात. ज्या मार्गाने पैसे दिले त्याच मार्गाने ते परत यायला हवेत. कूपन तुमच्या संमतीशिवाय गळ्यात मारता येत नाही. सुरुवातीला भरलेला साधा डिलिव्हरी खर्चही परत मिळतो. एक्स्प्रेस घेतली असेल तर वरचे जादा पैसे तेवढे जातात. परतीचं टपाल मात्र, विक्रेत्याने आधी कळवलेलं असेल तर, तुमच्या खिशातून. सोफा, ट्रेडमिल असलं काही मागवताना हे आधी वाचा. तीस किलोचा नग परत पाठवायला किती पडतात ते कळल्यावर बरेच लोक नको असलेली वस्तूही ठेवून घेतात.

पोस्टात किंवा पार्सलच्या दुकानात पेटी दिली की एक छोटी चिठ्ठी मिळते. ती फेकू नका. परतीच्या वाटेवर पार्सल हरवलं तर नुकसान विक्रेत्याचं, पण पार्सल तुम्ही सोपवलं होतं हे सिद्ध करणारी तीच एक गोष्ट असते.

वस्तू उघडून पाहणं, कपडे घालून पाहणं, मिक्सर लावून तो चालतो का बघणं, एवढं दुकानात करता आलं असतं तेवढं घरी करायला हरकत नाही. ड्रेस घालून लग्नाला जाऊन आलात आणि मग परत केलात, तर किमतीतून पैसे कापले जाऊ शकतात. मूळ खोका असला तर बरं, पण खोका नाही म्हणून परतच घेणार नाही, असं म्हणता येत नाही.

काही वस्तूंना हा हक्क नाही : तुमच्या मापाने किंवा नावाने बनवलेल्या, लवकर नासणाऱ्या, सील फोडलेल्या सीडी आणि सॉफ्टवेअर, आरोग्याच्या कारणाने सीलबंद असलेल्या आणि सील तोडलेल्या, तसंच ठरावीक तारखेची हॉटेलं आणि कार्यक्रमांची तिकिटं. गादी यात येते का, यावर खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. 2019 मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्लास्टिक काढलेली गादीसुद्धा परत करता येते, कारण कपड्यांसारखी तीही स्वच्छ करून पुन्हा विकता येते. म्हणून "गादीचं प्लास्टिक काढलं, आता विसरा" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

दारावर येऊन कुणी करार करून गेला, तरी हेच 14 दिवस लागू होतात. पण मोबाइलचा दोन वर्षांचा करार दुकानात बसून सही केला, किंवा जिममध्ये उभ्याउभ्या सदस्यत्व घेतलं, तर वीडररूफ नाही. नव्याने आलेली मुलं यात फार अडकतात. विद्यापीठाजवळच्या दुकानात "नंतर रद्द करता येईल" असं तोंडी सांगितलं जातं. सही करण्याआधी तेच वाक्य कागदावर लिहून मागा.

वस्तू बिघडली असेल तर : गेवेअरलाइस्टुंग

गारांटी ही कंपनीची किंवा दुकानाची स्वतःची ऑफर असते. द्यायची की नाही, किती वर्षं आणि कुठल्या अटींवर, हे ते ठरवतात. गेवेअरलाइस्टुंग ही कायद्याने विक्रेत्यावर टाकलेली जबाबदारी आहे, वस्तू मिळाल्यापासून दोन वर्षांची. ती ग्राहकाकडून काढून घेता येत नाही. गारांटी संपली म्हणून गेवेअरलाइस्टुंग संपत नाही. आणि तिचा पत्ता एकच : ज्याला तुम्ही पैसे दिलेत तो. त्याला "कंपनीकडे जा" म्हणून हात झटकता येत नाहीत.

अट अशी की दोष वस्तू हाती आली तेव्हाच तिच्यात असायला हवा, निदान बीजरूपाने. हे सिद्ध कोण करणार, यावर सगळं अवलंबून असतं. पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो सुरुवातीपासूनच होता असं कायदा गृहीत धरतो, आणि तसं नव्हतं हे विक्रेत्याला सिद्ध करावं लागतं. ही मुदत आधी सहा महिन्यांची होती. 1 जानेवारी 2022 पासून ती एक वर्ष झाली आहे. दुकानातला एखादा माणूस अजूनही "सहा महिने झाले, आता तुम्ही सिद्ध करा" म्हणतो. त्याला बे-गे-बे चं कलम 477 सांगा. दुसऱ्या वर्षात मात्र सिद्ध करण्याचं ओझं खरोखरच तुमच्यावर येतं, आणि अशा वेळी कंपनीची गारांटी शिल्लक असेल तर ती जास्त उपयोगी पडते. तेव्हा बारकाईने पाहून जो मार्ग सोपा तो धरा. दोन्ही हक्क एकाच वेळी तुमचेच आहेत.

नेहमीची झीज यात धरत नाहीत. टायर झिजले, बॅटरी वापराने उतरली, फोन तुमच्या हातून फरशीवर पडला, तर दुकान जबाबदार नाही.

मागायचं काय? आधी दुरुस्ती किंवा बदली नवी वस्तू, आणि यातलं काय हवं ते निवडायचा अधिकार तुमचा. तुमच्या निवडीचा खर्च अवाजवी असेल तरच विक्रेत्याला दुसरा पर्याय पुढे करता येतो. कारागिराचं येणं-जाणं, सुटे भाग, टपाल, सगळा खर्च त्याचा. बदली नवी वस्तू मिळाली तर तोवर जुनी वापरल्याबद्दल तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत. युरोपीय न्यायालयाने 2008 मध्ये हे स्पष्ट केलं आणि जर्मन कायद्यातही तसा बदल झाला.

वाजवी मुदतीत काहीच झालं नाही, विक्रेत्याने नकार दिला, किंवा दुरुस्तीच्या प्रयत्नानंतरही दोष दिसत राहिला, तर पुढचे दोन रस्ते उघडतात. रुकट्रिट म्हणजे व्यवहार मोडून वस्तू परत, पैसे परत. मिंडरुंग म्हणजे वस्तू ठेवायची आणि किमतीतला काही भाग परत घ्यायचा. किरकोळ दोषासाठी व्यवहार मोडता येत नाही, पण किंमत कमी करून मागता येते. व्यवहार मोडताना मात्र तेवढ्या महिन्यांच्या वापराचे पैसे विक्रेता कापू शकतो. आमच्या मशीनचा पंप एकदा बदलला, फेब्रुवारीत ते पुन्हा तसंच बसलं. तेव्हा मी पैशांऐवजी नवीन मशीन मागितलं, ते याच हिशोबाने.

पावतीचं काय करायचं

कासनबॉन, म्हणजे छापील पावती, हरवली म्हणून हक्क जात नाही. त्या दुकानातून त्या दिवशी ती वस्तू घेतली हे दाखवता आलं की झालं. बँकेचं स्टेटमेंट चालतं, सोबत असलेल्या माणसाची साक्षही चालते. तरीही पावती ठेवाच, आणि घरी आल्याबरोबर तिचा फोटो काढा. तो कागद उष्णतेने छापलेला असतो. माझी पावती स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या डब्यात होती. डिसेंबरात बाहेर काढली तेव्हा वर फक्त दुकानाचं चिन्ह फिकट दिसत होतं, तारीख आणि रक्कम दोन्ही गेलेल्या. बँकेच्या नोंदीने वाचवलं.

पत्र कसं लिहायचं

काउंटरवर आधी एवढं म्हणा : "इश म्योश्टं आइनन मांगल रेक्लामीरन." मला एका दोषाची तक्रार नोंदवायची आहे. मांगल म्हणजे दोष आणि रेक्लामात्सिओन म्हणजे तक्रार, हे दोन शब्द पाठ असू द्या. पण काम होतं ते लेखी तक्रारीने.

पत्रात किंवा ईमेलमध्ये या क्रमाने लिहा. कुठली वस्तू, कधी घेतली, ऑर्डर किंवा पावती क्रमांक काय. दोष काय दिसतो आणि कधीपासून. इथे स्वतःचं निदान लिहू नका, जे दिसतं तेच लिहा : "धुणं संपल्यावर ड्रममध्ये पाणी राहतं, दार उघडत नाही." मग "गेवेअरलाइस्टुंगच्या हक्कानुसार मी दुरुस्ती मागत आहे" किंवा "बदली वस्तू मागत आहे" हे वाक्य. शेवटी तारीख. "लवकरात लवकर" असं मोघम न लिहिता ठरावीक तारीख द्या, आजपासून साधारण दोन आठवड्यांनंतरची. या मुदतीला इथे फ्रिस्ट म्हणतात आणि जर्मन कार्यालयात या शब्दाला वजन आहे. ग्राहकाने अशी मुदत देणं आता कायद्याने सक्तीचं राहिलेलं नाही, दोष कळवल्यावर वाजवी काळ गेला की पुरे. पण तारीख लिहिली की पुढे वाद घालायला जागा उरत नाही.

जर्मन येत नसेल तर फेरब्राउखरत्सेंट्रालेच्या, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्राच्या, संकेतस्थळावर अशा पत्रांचे नमुने फुकट मिळतात. महागाच्या वस्तूसाठी पत्र आइनवुर्फ-आइनश्राइबनने, म्हणजे एका प्रकारच्या नोंदणीकृत टपालाने, पाठवा. पोस्टमन ते पेटीत टाकल्याची नोंद करतो. भाषा सभ्य ठेवा. रागाने लिहिलेल्या चार ओळींपेक्षा एक कलम आणि एक तारीख जास्त काम करते, हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

पैसे कसे दिले होते, तेही बघा

"आधी वस्तू, पैसे नंतर" अशा बिलाच्या खरेदीत वस्तू परत केल्याबरोबर, दुकानासाठी पैसे घेणाऱ्या सेवेच्या अॅपमध्येही परतीची नोंद करा. दुकानाला कळलं पण त्या सेवेला कळलं नाही, की आठवणीची पत्रं सुरू होतात आणि मागोमाग वसुली कंपनीचं पत्र येतं. असं पत्र आलं तर घाबरून पैसे भरू नका आणि गप्पही बसू नका. वीडररूफचा ईमेल आणि पार्सलची चिठ्ठी जोडून लेखी हरकत पाठवा.

न्यायालयाकडून पिवळ्या पाकिटात मानबेशाइड, म्हणजे पैसे भरण्याचा आदेश, आला तर मात्र दोन आठवड्यांच्या आत सोबतच्या फॉर्मवर हरकत नोंदवायलाच हवी. त्या पाकिटावर पोस्टमन तारीख घालून जातो, म्हणून पाकीटही जपा.

खात्यातून थेट वळते झालेले पैसे, म्हणजे लास्टश्रिफ्ट, बँकेकडून आठ आठवड्यांच्या आत परत घेता येतात. पण हे हत्यार वीडररूफ कळवल्यावरच वापरा. देणं खरंच बाकी असताना पैसे मागे घेतले तर दंडासह अंगावर येतं.

दुकान ऐकतच नसेल तर

फेरब्राउखरत्सेंट्राले प्रत्येक राज्यात आहे, एकूण सोळा. सल्ल्याला थोडी फी असते, राज्यानुसार वेगळी. एका चुकलेल्या पत्राने जाणाऱ्या पैशांपुढे ती मला कधी जास्त वाटली नाही. विक्रेता युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातला असेल, तर फ्रान्सच्या सीमेवर केल गावात असलेलं युरोपीय ग्राहक केंद्र मोफत मदत करतं. त्याच गावात केंद्र सरकारची सर्वसाधारण तडजोड संस्थाही आहे. ग्राहकाला तिथे खर्च पडत नाही, पण विक्रेत्याने तडजोडीला यायला तयार असावं लागतं. अगदी शेवटी तुम्ही स्वतःही न्यायालयामार्फत मानबेशाइड काढू शकता, त्याला वकील लागत नाही.

विक्रेता युरोपाबाहेरचा असेल तर हे सगळे दरवाजे जवळजवळ बंद असतात. मोठ्या ऑनलाइन बाजारात एकाच पानावर बर्लिनचा आणि दूर चीनमधला विक्रेता शेजारीशेजारी असतात. विकत घेण्याआधी विक्रेत्याच्या नावावर टिचकी मारा आणि इम्प्रेसुम, म्हणजे मालकाचं नाव-पत्ता, वाचा. तिथे पत्ता नसेल तर घेऊ नका.

जुन्या वस्तू, आणि भारतात नेलेल्या

नव्याने आल्यावर सायकल, टेबल, फ्रीज आपण जुनेच घेतो. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या जुन्या वस्तूवरही गेवेअरलाइस्टुंग असते. ती एक वर्षावर आणता येते, पण ते तुम्हाला वेगळं आणि स्पष्ट सांगून, करारात वेगळं लिहूनच. अटींच्या बारीक अक्षरांत दडवलेलं चालत नाही. खासगी माणूस मात्र आपली जबाबदारी पूर्ण झटकू शकतो, आणि जाहिरातीखाली एका वाक्यात बहुतेक जण ती झटकतातच. तेव्हा कुणाच्या घरून फ्रीज घेताना तो तासभर आधी चालू ठेवायला सांगा आणि आत हात घालून बघा.

घरच्यांसाठी लॅपटॉप किंवा कॅमेरा घेऊन पुण्याला जाणारे पुष्कळ असतात. तो तिथे बिघडला तर गेवेअरलाइस्टुंग जर्मनीतल्या विक्रेत्यावरच राहते, म्हणजे वस्तू इकडे आणणं आलं. भारतात दुरुस्ती हवी असेल तर कंपनीची गारांटी आंतरराष्ट्रीय आहे का, एवढाच प्रश्न उरतो. त्याचं उत्तर खोक्यातल्या कागदावर असतं, म्हणून ते विमानात बसण्याआधी वाचा. आणि शक्य असेल तर वस्तू जायच्या तीन-चार आठवडे आधी घेऊन रोज वापरा, म्हणजे दोष असला तर दुकान ट्रामच्या अंतरावर असतानाच कळेल.